अँटिगोनिशचे महाविद्यालय व त्याचे दाते

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका म्हटली की तिच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची नामावली ही यावयाचीच. पुस्तिका हाती येताच बहुतेक वाचक प्रथम तीच पाने उलगडतात. आपले नाव बरोबर छापले आहे ना, शेजाऱ्याच्या नावापुढे आकडा कोणता आहे, हे पाहून घेतात आणि मग सवड असेल तर पुढील लेखांकडे वळतात. यात आम्ही कोणास दोष देत नाही. तथापि ज्या पानांकडे सर्वांचे लक्ष असते त्यांच्याविषयीच कोणी काही लिहीत नाही, ही गोष्ट आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. म्हणून स्मरणिकेच्या चालकांनी आमच्याकडे ऐतिहासिक लेखाची मागणी केली तेव्हा आम्ही हाच विषय घ्यावयाचे ठरविले. गोरगरिबांच्या विद्यालयास द्रव्य कोण देतो, देताना तो काय मागतो, आणि ते घेणारा त्याचे काय देणे लागतो, या प्रश्नांचा विचार एका खऱ्या घडलेल्या इतिहासाच्या आधारे करावा असा आमचा मानस आहे.

हल्ली ज्यास 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात, त्या प्रकारच्या संस्थांचा उगम उत्तर अमेरिकेतला. इ. स. १९०१ मध्ये इलिनॉय संस्थानातील जोलिएट या गावी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पहिले सार्वजनिक 'ज्युनिअर कॉलेज' निघाले. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमिलेल्या आयोगाने हे नाव मागे टाकून 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. आपल्या देशात हा प्रयोग १९९५ मध्ये पाँडिचेरी विश्वविद्यालयात सुरू झाला, आणि १९९६ मध्ये मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने असेच महाविद्यालय काढिले. पुढे या चळवळीचा देशभर प्रसार करण्यात येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांचा मोठा वाटा आहे. या सर्व संस्थांची अडचण एकच. विद्यार्थी गरीब, फी अल्प, आणि माजी विद्यार्थी कृतज्ञ असले तरी धनिक होत नाहीत. अशा विद्यालयाच्या दाराशी पैशाचा प्रश्न रोज सकाळी येऊन बसतो.

परंतु या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद प्रकरण घडले ते ज्युनिअर कॉलेज किंवा कम्युनिटी कॉलेज असे नाव धारण करणाऱ्या संस्थेत नव्हे, तर कानडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, अँटिगोनिश नावाच्या लहानशा गावी. तेथील सेंट फ्रान्सिस झेवियर महाविद्यालयाचे नाव आपल्या लोकांस परके वाटू नये. ज्या संताच्या पवित्र देहाच्या दर्शनास आपली मंडळी गोव्यास जातात त्याच संताचे ते नाव आहे.

हे महाविद्यालय बिशप कॉलिन मॅकिनन यांनी १८५३ साली केप ब्रेटन बेटाजवळील आरिशाट येथे स्थापिले, आणि १८५५ मध्ये ते अँटिगोनिशला आणिले. १८६६ मध्ये त्यास पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. त्या मुलखातील कॅथोलिक प्रजा म्हणजे जमीनदारांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातून हुसकून लाविलेली गेलिक भाषा बोलणारी कुळे, आयर्लंडहून आलेली कुटुंबे, आणि ॲकेडियन म्हणविणारे फ्रेंच वसाहतवाले. कोणी खडकाळ जमिनीत शेती करी, कोणी मासे मारी, कोणी केप ब्रेटनच्या कोळशाच्या खाणींत उतरे. यांपैकी कोणाच्याही गाठी विशेष द्रव्य नव्हते. तरीही महाविद्यालय त्यांच्याच जिवावर उभे राहिले. पुढे पुढे घरची तरुण मुले पोटासाठी बोस्टन शहराकडे जाऊ लागली, आणि त्यांतील ज्यांचा संसार बरा चालला त्यांच्याकडूनही गावच्या महाविद्यालयास मदत येऊ लागली.

येथे एका देणगीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करितो, कारण ती कोणत्याही नामावलीत सापडत नाही. १९०० साली अँटिगोनिश येथे सेंट मार्था भगिनींचा संघ स्थापन झाला तो प्रथमतः महाविद्यालयाचे घरकाम पाहण्याकरिता. स्वयंपाक, कपडे, झाडलोट, आजारी विद्यार्थ्यांची शुश्रूषा ही सर्व कामे या भगिनींनी वर्षानुवर्षे केली. वर्गांत शिकविणारे बहुतेक जण धर्मप्रांताचेच धर्मगुरू असत, आणि त्यांचे वेतन नाममात्र असे. अमेरिकेतील कॅथोलिक महाविद्यालये पुढे असा युक्तिवाद करू लागली की, इतर संस्थांच्या पेढीत ठेवी असतात, आमच्या ठेवी चालतात-बोलतात. व्रतस्थांचे विनावेतन श्रम हेच आमचे मूळ भांडवल होय. हा युक्तिवाद आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. मात्र आकडा छापला जात नाही तेथे आभारही छापले जात नाहीत, एवढे आम्ही त्यास जोडू इच्छितो.

आता या इतिहासातील मुख्य पुरुषाकडे वळू. फादर जेम्स टॉम्पकिन्स यांचा जन्म १८७० मध्ये केप ब्रेटनमधील मार्गारी येथे झाला. रोम येथे अध्ययन करून १९०२ मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे ते या महाविद्यालयाचे उपाध्यक्ष झाले. बांधा किरकोळ, पण बोलणे अखंड; भेटेल त्याच्या हाती एखादी पुस्तिका कोंबून 'हे वाचा' म्हणून पुढे जाणारा असा हा माणूस. महाविद्यालयासाठी निधी मिळविण्यात ते निष्णात होते. बोस्टनकडील आपल्या लोकांशी त्यांनी संबंध जोडले आणि मोठमोठ्या संस्थांशी पत्रव्यवहार चालविला. परंतु केवळ इमारती वाढवून त्यांचे समाधान होईना. जे लोक महाविद्यालयाला पैसे देतात त्यांची मुले त्याच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या मनास डाचत होती. १९२१ मध्ये त्यांनी 'लोकांसाठी ज्ञान' या अर्थाच्या नावाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षाच्या आरंभी अँटिगोनिश येथे 'लोकशाळा' भरविली. तिला प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही. शेतकरी व मच्छीमार यांनी हिवाळ्यातील काही आठवडे येऊन शिकावे अशी ती योजना होती. पहिल्या वर्षी ५१ जण आले. त्यांत सतरा वर्षांचा पोरही होता आणि सत्तावन्न वर्षांचा गृहस्थही होता. आमच्या मते खऱ्या अर्थाने समाजाचे महाविद्यालय ज्यास म्हणावे ते येथे जन्मास आले, मग त्यास नाव काहीही असो.

इतक्यात तीस लक्ष डॉलरांचा प्रश्न उपस्थित झाला.

अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडातील एका विणकराचा मुलगा. अमेरिकेत पोलादाच्या धंद्यात तो अपार श्रीमंत झाला आणि आपली बहुतेक संपत्ती त्याने विद्या व वाचनालये यांस दिली. १९११ मध्ये त्याने स्थापिलेल्या कार्नेगी कॉर्पोरेशनकडे कानड्याच्या पूर्व प्रांतांतील महाविद्यालयांचे अर्ज येऊ लागले. लहान लहान संस्था, प्रत्येक पंथाची निराळी, आणि सर्वच दरिद्री! तेव्हा कॉर्पोरेशनने लर्नेड व सिल्स या दोन विद्वानांस पाहणीस पाठविले. त्यांच्या १९२२ च्या अहवालाचे सार असे की, या सर्व महाविद्यालयांनी हॅलिफॅक्स शहरी डलहौसी विश्वविद्यालयाभोवती एकत्र यावे, आपापली धार्मिक ओळख राखावी, पण शास्त्रशाळा, ग्रंथालय, अध्यापक हे समाईक असावेत. असे झाल्यास तीस लक्ष डॉलर मिळावयाचे होते.

फादर टॉम्पकिन्स या योजनेचे कट्टर पुरस्कर्ते बनले. गरिबाच्या मुलाने गरीबच प्रयोगशाळेत का शिकावे, असा त्यांचा रोख होता. उलटपक्षी बिशप जेम्स मॉरिसन यांचे मत असे की, महाविद्यालय हे धर्मप्रांताचे आहे, पूर्वेकडील लोकांसाठी आहे, आणि सुमारे दोनशे किलोमीटर दूर परक्या शहरात, परक्या व्यवस्थेखाली ते नेल्यास श्रद्धेसही धोका आणि लोकांसही मुकणे. १९२२ च्या ऑक्टोबरात नियामक मंडळाने योजना नाकारिली. वर्षाच्या अखेरीस फादर टॉम्पकिन्स यांस महाविद्यालयातून हलवून समुद्रात शिरलेल्या टोकावरील कॅन्सो या मच्छीमारांच्या गावी धर्मग्रामाचे काम पाहण्यास पाठविण्यात आले. त्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते. या वयात आपले सारे काम मागे टाकून बिऱ्हाड उचलणे म्हणजे काय, हे आम्हांस वेगळे समजावून सांगावयास नको.

सेमिनरीत असताना आम्ही हे प्रकरण प्रथम वाचिले, तेव्हा आमची सर्व सहानुभूती टॉम्पकिन्स यांजकडे होती आणि बिशपस्वामींविषयी आमच्या मनात जे विचार आले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. पुढे स्वतःच्या हाती धर्मग्रामाच्या तिजोरीच्या किल्ल्या आल्यावर हे मत थोडे हलले. त्याचे कारण घडले ते असे. एका धर्मग्रामात असताना एका विधवा बाईने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ शाळेच्या वाचनालयास काही रक्कम दिली. पावसाळा तोंडावर आला होता, शाळेचे छप्पर गळत होते, आणि आम्ही ती रक्कम कौलांस लाविली. छप्पर काय, वाचनालय काय, शाळा तीच, मुले तीच, असे आमच्या मनाचे समाधान आम्ही करून घेतले. श्रावणात ती बाई शाळेत आली. वर पाहून म्हणाली, "फादर, कौले झकास बसली. पण आमच्या पोराचे नाव तुम्ही कोणत्या पुस्तकात घातले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ती पुस्तके घेण्यास पुढे दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत रविवारी मिस्सेनंतर ती समोरून येताना दिसली की आम्ही वाट बदलीत असू.

यावरून बिशप मॉरिसन यांची बाजू आम्हांस दिसू लागली. अँटिगोनिशच्या महाविद्यालयास सुमारे सत्तर वर्षे लोक देत आले होते ते आपल्या गावातील, आपल्या धर्माच्या विद्यालयास. ते उचलून हॅलिफॅक्सला नेणे हे त्या जुन्या, मृत दात्यांच्या देणगीचे छप्पर करणेच नव्हे काय? नवा दाता तीस लक्ष डॉलर देतो म्हणून जुन्या दात्यांचा शब्द मोडावा काय? कार्नेगीच्याच द्रव्यातून अध्यापकांस निवृत्तिवेतन देणारी जी निराळी संस्था होती, तिने आरंभापासून धर्मपंथांची महाविद्यालये वगळली होती, हेही येथे ध्यानात ठेवावे. या दात्यांच्या उदारतेस कडा होत्या, आणि त्या कोठे आहेत हे घेणाऱ्याने आधी चाचपून पाहणे युक्तच होते. बिशपस्वामींचा नकार हा निव्वळ हट्ट नव्हता. तथापि नकार देणे निराळे आणि नकारास विरोध करणाऱ्या आपल्या उत्तम माणसास दूर धाडणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीविषयी आमचे तरुणपणचे मत अद्याप पालटलेले नाही.

तो पैसा काही वाया गेला नाही. आगीत जळालेले अँग्लिकन पंथाचे किंग्ज कॉलेज १९२३ मध्ये त्याच्या साह्याने हॅलिफॅक्सला डलहौसीशेजारी जाऊन उभे राहिले; आणि न्यूफाउंडलंड बेटावर, पहिल्या महायुद्धात पडलेल्या वीरांचे स्मारक म्हणून, सेंट जॉन्स येथे १९२५ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे मेमोरिअल कॉलेज निघाले, त्यासही कार्नेगी कॉर्पोरेशनने हात दिला. अँटिगोनिशला मात्र यातील एक डॉलरही मिळाला नाही.

कॅन्सो येथे फादर टॉम्पकिन्स यांनी काय पाहिले? मासे पकडणारे उपाशी आणि ते विकणारे सुखवस्तु. त्यांनी तेथेही पुस्तिका वाटण्यास आरंभ केला. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांस कोणाकडून तरी वाचून दाखविण्यास लाविले. लिट्ल डोव्हर नावाच्या जवळच्या खडकाळ वाडीत गायीस चारा मिळत नसे, म्हणून मुलांच्या दुधाकरिता त्यांनी शेळ्या आणविल्या. त्याच वाडीच्या लोकांनी पुढे स्वतः रानातून लाकूड तोडून आणून मोठ्या शेवंडांचा कारखाना सहकारी तत्त्वावर उभारिला. १ जुलै १९२७ रोजी कानड्याच्या राज्यसंघास साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून सर्वत्र उत्सव चालला असता कॅन्सोच्या मच्छीमारांनी सभा भरवून आपली दैना मांडिली. त्यातून सरकारी चौकशी आयोग नेमिला गेला. त्याच्यापुढे टॉम्पकिन्स यांचे आप्त व सेंट फ्रान्सिस झेवियरचे अध्यापक फादर मोझेस कोडी यांनी साक्ष दिली.

अखेर महाविद्यालयास जाग आली ती १९२८ साली. जाग येण्यास एक लौकिक कारणही झाले, ते सांगितले पाहिजे. स्कॉटिश कॅथोलिक सोसायटी या लोकसंस्थेने प्रौढांच्या शिक्षणासाठी एक लक्ष डॉलरांचा निधी जमविण्याचा संकल्प सोडला. आपल्या अंगणातील काम दुसरे करू पाहतात हे दिसताच महाविद्यालयाने स्वतःचा 'विस्तार विभाग' स्थापण्याचे ठरविले आणि फादर कोडी यांस त्याचे संचालक नेमिले. दात्याच्या नुसत्या संकल्पाने एवढे काम केले! १९३० मध्ये कार्यालय सुरू झाले. त्यांची पद्धत साधी होती. खेड्याखेड्यांत, स्वयंपाकघरात किंवा शाळेच्या खोलीत, दहा-पंधरा शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बसून पुस्तिका वाचावी, हिशेब मांडावा, आणि मग पतपेढी, सहकारी दुकान किंवा कारखाना यांपैकी जे शक्य असेल ते काढावे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अशी अभ्यासमंडळे हजारांहून अधिक झाली आणि त्यांत सुमारे दहा हजार माणसे बसू लागली. पतपेढ्यांचा कायदा १९३२ मध्ये झाला. सेंट मार्थाच्या भगिनीही आता स्वयंपाकघरातून बाहेर येऊन या विभागाचे ग्रंथालय आणि स्त्रियांचे काम पाहू लागल्या.

आणि या विभागास पैसा कोणी दिला? काही धर्मप्रांताने, काही लोकांनी, आणि मोठा हिस्सा कार्नेगी कॉर्पोरेशनने! दहा वर्षांपूर्वी ज्यांचे तीस लक्ष डॉलर याच महाविद्यालयाने परत धाडले त्यांनीच हा पैसा दिला, आणि या खेपेस हॅलिफॅक्सला जाण्याची अट नव्हती. हे घडले कसे याचे उत्तर आमच्या समजुतीप्रमाणे कॅन्सोच्या टपालात आहे. कॅन्सोस जाऊन पडले तरी फादर टॉम्पकिन्स यांनी कॉर्पोरेशनच्या माणसांशी पत्रव्यवहार सोडला नव्हता. मागणे काही नसतानाही ते लिहीत राहिले: येथे काय चालले आहे, लोक काय वाचतात, काय फसले. पुष्कळ संस्था दात्यास पत्र लिहितात ते हात पसरण्यापुरते; आणि त्याने एकदा 'नाही' म्हटले, किंवा आपण त्यास 'नाही' म्हटले, म्हणजे त्याचे नाव वहीतून खोडतात. नाकारलेल्या दात्यासही वृत्तान्त कळविणारा मनुष्य विरळा.

१९३८ साली पोपमहाशय पायस अकरावे यांच्या वतीने कार्डिनल पाचेल्ली यांनी, जे पुढील वर्षी स्वतः पोप झाले, या कार्याची प्रशंसा करणारे पत्र रोमहून पाठविले. पत्र नियमाप्रमाणे बिशप मॉरिसन यांस आले. ते वाचताना बिशपस्वामींच्या मनात काय आले असेल याचा तर्क वाचकांनी करावा.

आपल्या वसईच्या वाचकांस हे सर्व ऐकून एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली येथे कॅथोलिक सहकारी पतपेढी काढिली, तीच आजची बसीन कॅथोलिक बँक. अँटिगोनिशचा विस्तार विभाग तेव्हा स्वप्नातही नव्हता. आमच्या वाडवडिलांस सावकाराच्या वहीतून बाहेर काढण्याचा विचार एका धर्मगुरूस येथे स्वतंत्रपणे सुचला, हे आपण फार क्वचित बोलतो. अँटिगोनिशचे काम पुढे आपल्या देशापर्यंत आले ते फादर कोडी यांच्या निधनाच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांच्या नावाने तेथे निघालेल्या संस्थेच्या द्वारे. तिच्यात भारतातूनही अनेक कार्यकर्ते शिकून आले.

फादर टॉम्पकिन्स १९३५ मध्ये खाणकामगारांच्या रिझर्व्ह माइन्स या गावी बदलून गेले. तेथे त्यांनी आपल्या राहत्या घरातच लोकांसाठी ग्रंथालय मांडिले. तेथील खाणकामगारांनी सहकारी तत्त्वावर १९३८ मध्ये आपली घरे स्वतःच्या हातांनी बांधिली आणि त्या वस्तीस टॉम्पकिन्सव्हिल असे नाव दिले. खाणींच्या मुलखात, सिडनी शहरी, कामगारांच्या मुलांसाठी महाविद्यालय असावे अशी त्यांची जुनी इच्छा होती. १९५१ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची शाखा म्हणून तेथे झेवियर ज्युनिअर कॉलेज उघडले. त्याच्या वर्गांस नवी इमारत नव्हती. लायसियम नावाच्या एका जुन्या सभागृहात ते भरत. टॉम्पकिन्स तेव्हा वार्धक्याने पार थकले होते. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या ज्युनिअर कॉलेजचे १९७४ मध्ये एका तांत्रिक विद्यालयाशी एकीकरण झाले, आणि आज ते केप ब्रेटन विश्वविद्यालय म्हणून ओळखिले जाते. ज्या माणसाने एकीकरणाकरिता आपले पद गमाविले त्याच्या आवडत्या महाविद्यालयाचा भाग्योदयही एकीकरणातूनच व्हावा, हा योगायोग म्हणावा लागेल.

आपल्या महोत्सवाच्या देणगीदारांची नावे या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर आली आहेत. ती वर्णानुक्रमाने लाविली आहेत, रकमेच्या क्रमाने नाहीत; याविषयी काही मंडळींनी नापसंती दर्शविली, ती आम्ही ऐकून घेतली आहे. ज्यांनी नाव न छापण्याविषयी विनविले त्यांची नावे छापिलेली नाहीत. वेदी फुलांनी सजविणाऱ्या, चर्च झाडणाऱ्या व घंटा वाजविणाऱ्या मंडळींची यादी या वेळी प्रथमच वेगळी दिली आहे. ज्यांनी देणगी अमुक कामासाठी असे सांगून दिली त्यांच्या नावापुढे ते काम लिहिले आहे, आणि ते पूर्ण झाले की नाही हेही. जेथे 'अपूर्ण' असा शब्द आहे तेथे त्या दात्याने आमच्याकडे येऊन विचारावे. आम्ही वाट बदलणार नाही.